परतीचा पाऊस आणि नोंदीबाहेरची माणसे

पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, असे म्हटले जाते. पण पडलेला पाऊस कागदावर कोणाच्या नावे चढतो, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. मी हवामानशास्त्राचा जाणकार नाही. मराठवाड्यात वाढलो आणि तेथेच शिक्षकी केली. भाद्रपद-आश्विनातल्या आभाळाने या प्रदेशात काय काय केले याच्या नोंदी अनेक वर्षे वाचत आलो. त्या नोंदींत काय आहे आणि काय नाही, एवढेच येथे मांडायचे आहे.

प्रथम या पावसाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात आणि आपले बहुतेक पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर टाकतात. मराठवाडा त्या डोंगराच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत पडतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची येथली सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर आहे. सप्टेंबरमध्ये मोसमी वारे राजस्थानातून माघार घेऊ लागतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्र सोडतात. याच संधिकाळात बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, आंध्रचा किनारा ओलांडतात आणि पश्चिमेकडे सरकत दख्खनच्या पठारावर येतात. उत्तरा, हस्त, चित्रा या नक्षत्रांचा पाऊस आपण म्हणतो तो बहुतांशी हा पूर्वेकडून आलेला पाऊस असतो. तो वेळेवर, बेताने आला तर रब्बीची ज्वारी पेरली जाते. आला नाही तर दुष्काळ, आणि एका रात्रीत आला तर पूर. म्हणून या प्रदेशाच्या इतिहासात शरद ऋतू हा कौलाचा काळ ठरला आहे.

२८ सप्टेंबर १९०८ चा दिवस घ्या. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि राजधानी हैदराबाद मुसी नदीच्या दोन्ही काठांवर वसलेली होती. मुसळधार पावसाने नदीच्या पाणलोटातील दोनशेहून अधिक तलाव एकामागून एक फुटले आणि ते सारे पाणी शहरात शिरले. अफझलगंज, मुसल्लमजंग आणि चादरघाट हे तीन पूल गेले. नदीकाठची कोलसावाडी वाहून गेली. मृतांचा आकडा सुमारे पंधरा हजार सांगितला जातो. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले, त्यांनी पुराची कारणे शोधली, आणि त्यांच्या आराखड्यातून १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. हे काम मोठे होते यात शंका नाही. पण मला त्या पंधरा हजारांच्या आकड्याचे वाटते. पुलांची नावे राहिली, तलावांची मोजदाद झाली, आणि माणसांचा मात्र गोल आकडा उरला. गोल आकडा म्हणजे ज्यांची नावे कोणी लिहून घेतली नाहीत त्यांची बेरीज, असे मी समजतो.

दुसरे टोक १९७२ चे. त्या वर्षी मोसमी पाऊस तुटला, आणि ज्याच्यावर शेवटची आशा होती त्या परतीच्या पावसानेही पाठ फिरवली. खरीप गेले, रब्बीही गेले. माझी आई त्या वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. तिच्या तोंडी त्या सालाचे नाव एकच होते : हत्ती कोरडा गेला ते साल. हस्त नक्षत्राला आमच्याकडे हत्ती म्हणतात. लाल मिलो आणि सुकडी त्या पिढीच्या जिभेवर कायमची बसली. मे १९७३ पर्यंत महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे एवढेच वर्ष आहे जेव्हा आमची माणसे नोंदीत ठळकपणे दिसतात, कारण तेव्हा शासनाने हात मोजले, जमीन नव्हे. हजेरीपटावर नाव लिहायला सात-बारा लागत नव्हता. पुढचा रोजगार हमीचा कायदा त्याच अनुभवातून आला.

अलीकडच्या वर्षांत टोके वाढली आहेत. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते, आणि ते जेव्हा पडते तेव्हा थोड्या तासांत पडते. ऑक्टोबर २०२० मध्ये उपसागरातला तीव्र कमी दाब १३ तारखेला आंध्रच्या किनाऱ्यावर चढला. हैदराबादेत एका दिवसात सुमारे १९० मिलिमीटर पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी तीच प्रणाली सोलापूर, पंढरपूर भिजवत अरबी समुद्राकडे गेली. २६ सप्टेंबर २०२१ ला 'गुलाब' चक्रीवादळ किनाऱ्याला लागले. त्याच्या अवशेषाने पुढचे दोन दिवस मराठवाड्यावर पाणी ओतले आणि मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. तेच अवशेष अरबी समुद्रात उतरून 'शाहीन' या नावाने ओमानवर आदळले. याच मांजराचा तळ कोरडा पडल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे विसरता येत नाही. आणि सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धात सीना नदीने सोलापूर व धाराशिवकडच्या गावांत जे केले ते अजून ताजे आहे.

आता या टोकांची नोंद कशी होते ते पाहू. महसूल मंडळातील पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस दिसला की अतिवृष्टी झाली असे मानतात. मग तलाठी (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच आहे), कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी पंचनामा करायचा. पिकाची हानी ३३ टक्क्यांहून अधिक असेल तर मदत, आणि ती हेक्टरी. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने ३१,६२८ कोटींची मदत जाहीर केली, त्यातलीही शेतीची मदत हेक्टरीच मोजलेली. शेतकऱ्याला ती मिळालीच पाहिजे; त्याचे दुःख खोटे नाही आणि त्याच्याशी आमचे भांडण नाही. प्रश्न इतकाच की, ज्याच्या नावे हेक्टरच नाही त्याचा पाऊस कशाने मोजायचा?

शरद ऋतू हा मजुराच्या कमाईचा हंगाम आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. सोयाबीन गुत्त्याने काढायचे, कापूस किलोवर वेचायचा, आणि त्या पैशात दिवाळी व पुढचे चार महिने काढायचे. उभ्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले, बोंडे झाडावरच सडली, की मालकाचे पीक जाते आणि मजुराचा हंगाम जातो. पिकाचा पंचनामा होतो, हंगामाचा होत नाही. नियमात अशी सोय अगदीच नाही असे नव्हे. आपत्ती निवारणाच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत, ज्यांची उपजीविका गंभीरपणे बाधित झाली अशा कुटुंबातील दोन प्रौढांना रोजगार हमीच्या दराने रक्कम देण्याची तरतूद होती. पण तिच्यासाठी अशी कुटुंबे आधी कोणीतरी शोधून प्रमाणित करावी लागतात, आणि पंचनाम्याची पायवाट शेताकडे जाते, वस्तीकडे नाही. मग रिकाम्या हातांनी माणूस मुकादमाकडे जातो आणि मोठी उचल घेतो. दसऱ्यानंतर नवरा-बायकोचा कोयता कारखान्याच्या वाटेला लागतो तेव्हा त्या उचलीत आश्विनातला पाऊस मिसळलेला असतो. पोरांची शाळा त्यातच बुडते. माझ्या वर्गात दिवाळीनंतर रिकामी होणारी जागा कोणत्या वर्षी जास्त असेल हे मला सप्टेंबरातच कळत असे.

घराचीही तीच गोष्ट. याच निकषांनुसार मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये होते आणि झोपडीला ८,०००. शिवाय घर अधिकृत असल्याचा दाखला हवा. आता आमच्या वस्त्या कोठे आहेत? गावाचे पाणी जिकडे वाहून जाते तिकडे. ओढ्याच्या काठाला, गायरानाच्या कडेला. ही जागा आम्ही निवडलेली नाही, ती जातीने नेमून दिलेली आहे. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, १९७८ ते १९९० या काळातील दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरीही अनेकांच्या नावापुढे 'अतिक्रमणधारक' हाच शब्द राहिला. ज्या व्यवस्थेने ओढ्याकाठी बसवले तीच व्यवस्था पुरानंतर विचारते की, तू येथे कोणाच्या परवानगीने राहतोस? एखाद्या वर्षी अट सैल केली तर ती मेहेरबानी ठरते, हक्क ठरत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधाऱ्यांचा विषय त्यांच्याकडे होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसातील नद्यांविषयी जी भूमिका मांडली तिचा आशय असा की, अधिक पाणी ही मुळात आपत्ती नव्हे. माणसाला पाण्याच्या अभावानेच अधिक सोसावे लागते, म्हणून पाणी नुसते हाकलून न देता साठवून लोकांच्या कामी आणले पाहिजे. हा विचार मी नोंदींनाही लावतो. पाऊस निसर्गाचा आहे, त्याची आपत्ती कोणाच्या वाट्याला जाते हे मात्र माणसांच्या रचनेवर ठरते. रचना माणसांनी केली आहे, म्हणून ती बदलता येते.

त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. पिकाच्या पंचनाम्याबरोबर त्याच दिवशी, त्याच तिघांनी मजुरीचा पंचनामा करावा. रोजगार हमीच्या नोंदवहीत मजुरांची नावे आहेतच; कोणाचे किती दिवस बुडाले हे ग्रामसभेत वाचून दाखवले की खोट्या नावांनाही आळा बसेल. घर पडले तर कागद नव्हे, राहणारा माणूस पाहावा. आणि शासन हे करीपर्यंत आपल्या शिकलेल्या मुलांनी वस्तीवस्तीत एक वही ठेवावी : तारीख, किती पाणी आले, किती घरे पडली, किती रोज बुडाले, कोण उचल घेऊन गेले. शंभर वर्षांनी कोणी या प्रदेशाच्या पावसाचा इतिहास लिहील तेव्हा त्याच्या हाती पुन्हा एखादा गोल आकडा पडू नये, एवढी दक्षता आपल्याला आजच घेता येईल.