मॅमोग्राफीचा फोटो ‘चांगला’ आलाय, हे ठरवतात कसं?

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. कॅन्सर लवकर सापडावा म्हणून हा काढतात. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात. पण मुळात फोटोच धूसर असेल तर? गाठ असूनही दिसणार नाही आणि रिपोर्ट नॉर्मलच येईल.

अमेरिकेत १९८० च्या दशकात हाच प्रश्न उभा राहिला. १९८५ सालच्या एका देशव्यापी पाहणीत दिसलं, की फोटोचा दर्जा आणि रेडिएशनचा डोस या दोन्ही गोष्टी सेंटरनुसार बदलत होत्या. शेवटी १९९२ साली तिथं मॅमोग्राफीच्या दर्जासाठी वेगळा कायदा झाला. ऑक्टोबर १९९४ पासून सेंटरला सर्टिफिकेट सक्तीचं झालं.

मशीनची परीक्षा

दर्जा मोजायचा कसा? त्यासाठी ‘फँटम’ वापरतात. फँटम म्हणजे ॲक्रिलिकचा एक ठोकळा. फिल्मच्या काळातल्या फँटममध्ये मेणाच्या थरात १६ वस्तू बसवलेल्या असायच्या : ६ धागे, बारीक कणांचे ५ पुंजके आणि गाठीसारखे ५ गोळे. प्रत्येक वस्तू आधीच्यापेक्षा बारीक.

दर आठवड्याला या ठोकळ्याचा फोटो काढायचा. त्यात किमान ४ धागे, ३ पुंजके आणि ३ गोळे दिसलेच पाहिजेत. नाही दिसले, तर दोष दूर होईपर्यंत त्या मशीनवर पेशंट घ्यायचे नाहीत. कणांना एवढं महत्त्व का? तर कॅल्शियमचे बारीक ठिपके ही कॅन्सरची अगदी सुरुवातीची खूण असू शकते.

डोस वाढवला की फोटो स्वच्छ येतो. ही पळवाट बंद करण्यासाठी एका फोटोमागे ३ मिलिग्रे ही डोसची मर्यादाही घातली गेली.

मशीन पास, पण माणसं?

मशीन सुधारल्यावर दुसरी अडचण ठळक झाली. स्तन मशीनवर नीट ठेवला नाही, तर छातीलगतचा भाग फोटोत येतच नाही. फोटो कितीही स्वच्छ असला, तरी न आलेल्या भागातली गाठ दिसणार कशी? म्हणून २०१७ पासून तिथल्या तपासणीत यावर खास भर दिला जातो.

रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांचा सरावही मोजतात. त्यांनी २४ महिन्यांत किमान ९६० मॅमोग्राफी तपासलेल्या असाव्या लागतात. शिवाय ज्यांच्या रिपोर्टमध्ये कॅन्सरची शंका आली, त्यांच्या बायोप्सीत पुढे काय निघालं, याचा हिशोब सेंटरला ठेवावा लागतो.

आपल्याकडे काय?

भारतात एक्स-रे, सीटी स्कॅन आणि मॅमोग्राफीच्या मशीनवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. मंडळाची परवानगी आणि मशीनची ठरावीक काळाने दर्जा चाचणी बंधनकारक आहे. त्यामुळे ‘शेवटची चाचणी कधी झाली?’ असं सेंटरवर विचारायला काहीच हरकत नाही.

फोटो चांगला येणं थोडं पेशंटच्याही हातात असतं. तपासणीच्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर लावू नये, त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. जुने फोटो सोबत न्यावेत, म्हणजे काय बदललं ते डॉक्टरांना कळतं. आणि मशीन स्तन दाबतं तेव्हा थोडं दुखतं, पण त्यामुळेच आतला भाग पसरून नीट दिसतो, फोटो हलत नाही आणि डोसही कमी लागतो.