कलेसाठी सरकारी अनुदान : अर्जाआधीची तयारी

सरकार कलेसाठी आणि हस्तव्यवसायासाठी पैसा देते, पण तो आमच्या मोहल्ल्यापर्यंत पोहोचत नाही, अशी तक्रार कारागिरांच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येते. तक्रार अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कापडाच्या व्यापारामुळे विणकर, रंगारी, जरीकाम करणाऱ्या भगिनी यांच्या मंडळांशी आमचा जुना संबंध आहे. त्यांचे परत आलेले अर्ज आम्ही पाहिले आहेत. त्यातील बहुतेक कच्च्या कागदांमुळे परत आले होते. हुनर पक्का, पण दप्तर कच्चे, असा हा मामला आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. या लेखात ज्या अनुदानांचा विचार करीत आहोत, ती उस्तादाला किंवा त्याच्या दुकानाला मिळत नाहीत. ती नोंदणीकृत संस्थेला मिळतात. आपल्याकडे संस्थेची नोंदणी १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली होते. त्यासाठी किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते. याशिवाय संस्थेच्या नावाचे पॅन कार्ड, संस्थेच्या नावाचे बँक खाते आणि नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरील क्रमांक हवा. संस्था काल स्थापन केली आणि आज अर्ज केला, असे चालत नाही. साधारणतः तीन वर्षांचे काम आणि लेखापरीक्षकाने तपासलेले हिशेब मागितले जातात. म्हणून ज्यांना पुढे कधीतरी अनुदान हवे आहे, त्यांनी नोंदणी आजच करावी.

‘विना-नफा संस्था’ या शब्दाने पुष्कळ लोक बिचकतात. सगळे काम फुकट करायचे, असा त्याचा अर्थ नाही. उस्तादाला मानधन देता येते, शागिर्दाला विद्यावेतन देता येते, सूत-रेशमाचे पैसे चुकते करता येतात. फक्त वर्षाअखेर जी शिल्लक उरेल ती सभासदांनी वाटून घ्यायची नसते. ती संस्थेच्याच कामी लावायची असते.

दुसरी गोष्ट म्हणजे योग्य दार. हातमागाच्या कामासाठी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयातील विकास आयुक्त (हातमाग) यांच्याकडे जावे लागते. जरीकाम, बिदरी, लाकूडकाम यांसाठी त्याच मंत्रालयातील विकास आयुक्त (हस्तकला) यांचे कार्यालय आहे. गायन, वादन, नाट्य, कलाविषयक चर्चासत्रे आणि प्रदर्शने यांसाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय आहे. त्याच्या सांस्कृतिक कार्यक्रम योजनेत सर्वसाधारणपणे ५ लाख रुपयांपर्यंत आणि अपवादात्मक बाबतीत २० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मिरजेचे उदाहरण घ्या. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सतार घडविण्याचे प्रशिक्षण द्यायचे असेल तर ते हस्तकलेचे दार, आणि सतारवादनाची मैफल भरवायची असेल तर ते संस्कृतीचे दार. वाद्य एकच, मोहल्ला एकच, पण अर्ज दोन वेगळे. भिवंडी-मालेगावच्या बांधवांनी हेही लक्षात घ्यावे की यंत्रमाग हा हातमागात मोडत नाही. त्याचा अर्ज हातमाग कार्यालयात केल्यास केवळ वेळ वाया जाईल.

तिसरी गोष्ट अंदाजपत्रक. येथे व्यापाऱ्याने कारागिराच्या मदतीला यावे. ‘प्रशिक्षण खर्च चार लाख’ अशी एका ओळीची मागणी कोणी मान्य करीत नाही. समजा, हिमरू विणकामाचे ७५ दिवसांचे प्रशिक्षण आहे. मग असे लिहावे : शागिर्द १०, दररोज ३०० रुपये, ७५ दिवस, एकूण २,२५,००० रुपये. उस्ताद १, दररोज १,००० रुपये, ७५ दिवस, एकूण ७५,००० रुपये. सूत आणि रेशीम ६०,००० रुपये, सोबत दरपत्रके. बेरीज ३,६०,००० रुपये. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. दर ज्या त्या योजनेच्या नियमांप्रमाणे धरावेत. खर्चाचा काही भाग संस्थेने स्वतः उभा करावा, अशी अट असेल तर ती रक्कम कोठून येणार, तेही लिहावे. पैसा हप्त्याने येतो. तोपर्यंत मजुरी कशी भागवायची, याचा विचार आधीच झालेला बरा.

सूत विश्वस्ताच्याच दुकानातून घेण्याचा मोह टाळावा. भाव रास्त असला तरी संशय येतो, आणि भाव चढा असेल तर संस्थेची आयकर सवलतही धोक्यात येते.

आता सर्वांत नाजूक बाब. मुरव्वतीपोटी सही करणारे आपल्याकडे फार. ‘मियाँ, कमिटीत फक्त नाव द्या’ म्हटले की माणूस नाव देतो. परंतु केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार, खासगी संस्थेला अनुदान देण्यापूर्वी कार्यकारी मंडळाच्या सदस्यांकडून करारपत्र लिहून घेतले जाते. त्यात ते सामुदायिकरीत्या आणि व्यक्तिशःही बांधले जातात. पैसा ठरल्या कामाऐवजी दुसरीकडे वळवला, किंवा काम परस्पर दुसऱ्या संस्थेला दिले, तर रक्कम दहा टक्के व्याजासह परत करण्याची जबाबदारी सही करणाऱ्यांवर येते. संस्थेच्या खात्यात पैसा नाही म्हणून सुटका होत नाही. तेव्हा करारपत्र वाचल्याशिवाय सही करू नये. मजकूर इंग्रजीत असेल तर जाणकाराकडून समजून घ्यावा. त्यात कसली शरम? आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले; आम्हीही असे कागद वकिलांकडून वाचून घेतो.

पैसा आल्यावर त्याची रोजकीर्द वेगळी ठेवावी. प्रत्येक पावती, हजेरीपट आणि विद्यावेतनाची नोंद जपावी. देणे शक्यतो बँकेतूनच करावे. अनुदानावर मिळालेले व्याजही सरकारचेच असते. त्या पैशातून घेतलेला माग किंवा यंत्र परवानगीशिवाय विकता येत नाही. आर्थिक वर्ष संपल्यानंतर बारा महिन्यांच्या आत विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. ते न दिल्यास पुढचे अनुदान अडते. हा पैसा अमानत आहे, एवढे मनात ठेवले की हिशेब आपोआप सरळ राहतो.

शेवटी, लहान वाटणारी पण घात करणारी एक गोष्ट. आमच्या माहितीतील एका जरीकाम मंडळाचे अध्यक्ष वारले. नवे अध्यक्ष निवडले गेले, ठरावही झाला. पण बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात कोणी दिलाच नाही. पुढे मंजुरीच्या वेळी कागदावर मयत अध्यक्षांचेच नाव निघाले, बँकेने सह्या मानल्या नाहीत आणि ३१ मार्च उलटून गेला. वीस-बावीस मुलींचे प्रशिक्षण त्या एका कागदापायी राहिले. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा, असा कायदा आहे.

ज्या बांधवांची मंडळे आहेत, त्यांनी येत्या आठवड्यात चार वस्तू काढून पाहाव्यात : नोंदणीचा दाखला, ठरावबुक, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि विश्वस्तांची चालू यादी. चारही जुळत असतील तर अर्जाला लागावे. एखादी नसेल तर आधी ती पुरी करावी आणि मगच सरकारच्या दारी जावे.