मुंबईला फुटबॉल लीग जिंकून देणारे डेरिक परेरा, आणि बंद पडलेले त्यांचे दोन संघ

मुंबईने फुटबॉलची राष्ट्रीय लीग पहिल्यांदा कधी जिंकली? बरेच जण 2021 सालच्या मुंबई सिटी एफसीचं नाव घेतील. पण त्याच्या 15 वर्षं आधी, 2005-06 च्या मोसमात मुंबईच्याच महिंद्रा युनायटेडने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली होती. तोवर ही लीग पंजाब, कोलकाता आणि गोव्यातल्या क्लबांनीच जिंकली होती. ती मुंबईत आणणारे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा.

कोण आहेत डेरिक परेरा?

परेरा मूळचे बचावपटू. गोव्याच्या साळगावकर क्लबकडून ते अनेक वर्षं खेळले आणि भारतीय संघातही होते. बचावपटूचं नाव गोल करणाऱ्यांच्या यादीत क्वचितच येतं. प्रशिक्षक झाल्यावरही परेरांचं नाव कमी लोकांपर्यंत पोहोचलं, त्यांचे निकाल मात्र ठळक आहेत.

महाराष्ट्रात काय केलं?

लीग जिंकली त्याच मोसमात महिंद्राने फेडरेशन कपही जिंकला. 2007 मध्ये हा संघ आशियाई क्लबांच्या एएफसी कपमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

2009 मध्ये परेरा पुणे एफसीकडे आले. आय-लीगमधल्या पहिल्याच मोसमात पुणे तिसरं आलं. 2012-13 मध्ये तर चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ थेट दुसरं.

मग हे संघ गेले कुठे?

महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. व्यावसायिक संघाऐवजी शालेय पातळीवरच्या फुटबॉलवर भर द्यायचं कंपनीने ठरवलं. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, सुरू झाली आणि प्रायोजक, प्रसारण, प्रेक्षक असं सगळं तिकडे वळलं. पुढच्याच वर्षी पुणे एफसीचा मुख्य संघही थांबला.

दोन्ही संघांच्या मागे एकेक उद्योगसमूह होता. मालकाने हात आखडता घेतला की संघ संपतो, मग तो गुणतालिकेत कितव्याही नंबरवर असो. मैदानावर चांगली कामगिरी करूनही क्लब टिकेल याची खात्री नसते, हे या दोन संघांनी दाखवून दिलं.

पुढे परेरांचं काय झालं?

ते गोव्यात परतले, साळगावकरचे प्रशिक्षक झाले आणि नंतर एफसी गोवाशी जोडले गेले. 2019 मध्ये त्यांनी भारताचा 23 वर्षांखालील संघ सांभाळला. डिसेंबर 2021 मध्ये एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांडो मोसम अर्ध्यावर सोडून एटीके मोहन बागानकडे गेले, तेव्हा क्लबने परेरांना मुख्य प्रशिक्षक केलं. तो मोसम मात्र नवव्या स्थानावर संपला.

प्रशिक्षकाला निदान दुसरा क्लब शोधता येतो. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये पुणे एफसीसाठी ओरडणाऱ्या चाहत्यांना तीही सोय नव्हती.