सुरक्षिततेचा हिशेब कोणी ठेवायचा?

८ जून २०२२ रोजी दुपार होण्याच्या थोडे आधी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर, क्विंटाना बेटावरील फ्रीपोर्ट एल.एन.जी. या निर्यात-केंद्रात १८ इंच व्यासाची एक वाहिनी फुटली. आत कोंडलेला द्रवरूप वायू क्षणार्धात बाहेर पडला, पेटला आणि आगीचा प्रचंड लोळ आकाशात गेला. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. परंतु अमेरिकेच्या एकूण द्रवीभूत वायूच्या निर्यात-क्षमतेपैकी सुमारे सहावा हिस्सा ज्या एका केंद्रात एकवटला होता, ते केंद्र त्या घटकेपासून सुमारे आठ महिने बंद पडले. युक्रेनच्या युद्धामुळे रशियाच्या वायूला पर्याय शोधणाऱ्या युरोपात वायूचे भाव चढले. उलट अमेरिकेत, निर्यात थांबल्यामुळे माल देशातच राहून, भाव उतरले. एका वाहिनीच्या फुटण्याने दोन खंडांतील बाजार हलले.

या अपघाताचे कारण मात्र बाजारपेठांच्या मानाने अगदीच किरकोळ होते. एक झडप बंद राहून गेली होती, एवढेच!

द्रवीभूत नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. शून्याखाली सुमारे १६२ अंश सेल्सियसपर्यंत तो थंड केला की त्याचा द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटींनी घटते. म्हणूनच तो जहाजातून सातासमुद्रापलीकडे नेणे परवडते. जे आकुंचन या व्यापाराचा आधार आहे, तेच त्याचे संकटही आहे. द्रव दोन बंद झडपांच्या मध्ये अडकला आणि बाहेरची ऊब आत झिरपू लागली, तर तो प्रसरण पावू पाहतो. त्याला वाट मिळाली नाही, तर तो स्वतःची वाट काढतो. ही वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक अशा वाहिनीवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब वाढला की तो आपोआप उघडतो. या व्हॉल्व्हची अधूनमधून चाचणी घ्यावी लागते आणि चाचणीपुरती त्याच्या मार्गातील दुसरी एक झडप बंद करावी लागते. चाचणी संपली की ती पुन्हा उघडायची आणि कोणी चुकून फिरवू नये म्हणून तिला मोहोर लावून ठेवायची, असा शिरस्ता असतो. फ्रीपोर्टला अपघातापूर्वी काही आठवडे अशी चाचणी झाली. त्यानंतर ती झडप उघडली गेली नाही. म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर होता, तो चाचणीत उत्तीर्णही झाला होता. फक्त त्याच्यापर्यंत दाब पोचण्याचा मार्गच बंद होता.

स्वतंत्र तज्ज्ञांनी केलेल्या चौकशीचा अहवाल त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाहेर आला. झडपांच्या चाचणीची कार्यपद्धती सदोष होती, मोहोर लावण्याच्या व्यवस्थेत उणिवा होत्या, जादा कामाच्या तासांनी कर्मचारी थकलेले होते आणि धोक्याच्या सूचना इतक्या वारंवार वाजत की त्यांच्याकडे लक्ष जाईनासे झाले होते, असे त्याचे सार आहे. जनतेच्या हाती आलेल्या त्या अहवालातील कितीतरी मजकूर काळ्या शाईने झाकलेला होता, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे.

तीन पहारेकरी, एक झडप

या केंद्रावर देखरेख नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. अमेरिकेत अशा केंद्राची जागा व बांधकाम यांना केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाची मान्यता लागते आणि पुढेही आयोगाची माणसे वर्षातून किमान एकदा तपासणीला येतात. केंद्र चालविण्यातील सुरक्षिततेचे नियम वाहतूक खात्याच्या अखत्यारीतील प्रशासन करते. त्यांचा मूळ साचा १९८० सालचा आहे. जहाजात वायू भरण्याची जागा तटरक्षक दलाच्या नजरेखाली असते. असे तीन पहारेकरी असताना एक झडप काही आठवडे बंद राहिली आणि ती कोणाच्याही नजरेस आली नाही. १९८० चे नियम नव्या, अवाढव्य निर्यात-केंद्रांना पुरे पडत नाहीत हे ओळखून अमेरिकी काँग्रेसने २०२० साली कायदा करून ते तीन वर्षांत अद्ययावत करण्यास सांगितले होते. ती मुदत उलटून गेली, तरी नवे नियम आले नव्हते.

नियम नेहमी अपघाताच्या मागून येतात, हा या क्षेत्राचा जुनाच इतिहास आहे. २० ऑक्टोबर १९४४ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात द्रवरूप वायूची टाकी फुटली. वायू रस्त्यांवर पसरला, गटारांत उतरला आणि पेटला. सुमारे १३० माणसे मेली. टाकीच्या पोलादात निकेलचे प्रमाण साडेतीन टक्केच होते आणि इतक्या थंडीत ते ठिसूळ ठरले, असे पुढे मानले गेले. त्यानंतर अधिक निकेलचे पोलाद, टाकीभोवती बांध, वस्तीपासून अंतर या गोष्टी सर्वमान्य झाल्या. १९ जानेवारी २००४ रोजी अल्जीरियातील स्किक्दा येथे गळलेला वायू बॉयलरच्या हवेबरोबर आत ओढला गेला आणि झालेल्या स्फोटात २७ जण मृत्युमुखी पडले. नियमांच्या पुस्तकातील प्रत्येक कलमामागे कोणाचे तरी मरण उभे असते, हे वाक्य अतिशयोक्त वाटेल. परंतु ते फारसे खोटे नाही.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की, इतर ज्वलनशील पदार्थांच्या मानाने या उद्योगाचा एकंदर लौकिक बरा आहे. पण गोम तेथेच आहे. दीर्घकाळ काही घडले नाही, की तपासणीवरील खर्च निष्फळ वाटू लागतो. सुरक्षिततेचे फळ म्हणजे न घडलेली घटना. आणि न घडलेल्या घटनेला ताळेबंदात रकाना नसतो. खर्च मात्र पै-पैने नोंदला जातो.

दंडाचे गणित

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे पिगू आठवावा. उत्पादकाचा खासगी खर्च आणि समाजावर पडणारा खर्च यांत अंतर पडले, तर बाजार आपोआप योग्य तोल साधत नाही, हे त्यांनी १९२० साली मांडले. टाकीचा नफा भागधारकांना मिळतो, वायूची ऊब दूरच्या शहरांना मिळते. पण धोका मात्र कुंपणाला लागून राहणाऱ्याच्या वाट्याला येतो. हे अंतर भरून काढण्याचे साधन म्हणजे नियम आणि दंड. दंडाचा धाक हा दंडाची रक्कम आणि पकडले जाण्याची शक्यता यांच्या गुणाकाराइतका असतो, हा गॅरी बेकर यांनी १९६८ साली मांडलेला विचारही सुपरिचित आहे. अमेरिकी कायद्यात वाहिनी-सुरक्षेच्या नियमभंगाला दर दिवशी दोन लाख डॉलर आणि एकाच मालिकेतील भंगांना एकूण वीस लाख डॉलर अशी मूळ कमाल मर्यादा आहे. महागाईनुसार ती वाढत जाते. अब्जावधी डॉलरांच्या केंद्राला ही रक्कम किती बोचणार? आणि तपासनीस वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येणार असेल, तर गुणाकारातील दुसरी संख्याही क्षीणच राहते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. आठ महिने केंद्र बंद राहिल्याने कंपनीचे जे नुकसान झाले, ते कोणत्याही दंडाहून कितीतरी मोठे होते. मग स्वतःच्या हितासाठी तरी कंपनी काळजी घेणार नाही का? घेईल, परंतु ‘कंपनी’ नावाची एक व्यक्ती कोठेच नसते. रात्रपाळीला माणसे कमी लावण्याचा निर्णय घेणारा व्यवस्थापक या तिमाहीच्या खर्चाला जबाबदार असतो, दहा वर्षांनी होऊ शकणाऱ्या स्फोटाला नव्हे. स्फोटाचा काही भार विमा उचलतो, मर्यादित जबाबदारीचे तत्त्व भागधारकांना राखते आणि उरलेला भार ज्यांनी कोणताच निर्णय घेतलेला नसतो त्यांच्यावर पडतो. स्वहित आणि सुरक्षितता यांचे सख्य दीर्घकाळात असेलही. निर्णय मात्र अल्पकाळात घेतले जातात.

कागदाची तपासणी

दंडाहूनही गंभीर प्रश्न आहे तो तपासणी कशाची होते, हा. तपासनीस नोंदवही पाहतो. चाचणी झाली आहे, तारीख आहे, सही आहे; नियमपालन पूर्ण. झडपेच्या दांड्याला हात लावून ती उघडी आहे की बंद, हे पाहणे वेगळे. कचेरीत काम करणाऱ्या वाचकांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. लेखापरीक्षणाच्या शेऱ्याखाली ‘पूर्तता केली आहे’ असे लिहून फाइल पुढे सरकते, तेव्हा नेमके काय पुरे झालेले असते, हे त्यांना ठाऊक आहे. प्रस्तुत लेखकही निर्दोष नाही. परीक्षाकेंद्राचा पर्यवेक्षक म्हणून इमारतीतील अग्निशामक साधने तपासल्याच्या छापील पत्रकावर मी वर्षानुवर्षे सही केली. एका वर्षी विद्यार्थ्यांच्या बाकांची जागा बदलताना जिन्याखालचे नळकांडे हलवावे लागले, तेव्हा ते रिकामे निघाले. त्याला अडकवलेल्या कार्डावर सह्या मात्र सगळ्या होत्या आणि केंद्राच्या पत्रकावर माझीही होती. त्या नळकांड्याची गरज कधी पडली नाही, हा माझा पराक्रम नव्हे.

कागद आणि वस्तुस्थिती यांच्यातील ही दरी किती महाग पडते, हे ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर दिसले. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता, तसा परवाना-कागदही होता. पण पुढच्या पाळीला ती माहिती पोचली नाही आणि तोच पंप सुरू झाला. १६७ माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी-समितीने १९९० साली १०६ शिफारशी केल्या. त्यांतील एक आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे: समुद्रातील सुरक्षेची जबाबदारी ऊर्जा खात्याकडून काढून आरोग्य व सुरक्षा यंत्रणेकडे द्यावी. तेल काढण्याची घाई ज्या खात्याला, त्याच खात्याने ‘थांबा’ म्हणावे, ही अपेक्षा मानवी स्वभावाला धरून नाही. ब्रिटिश सरकारने ते मानले.

आपल्याकडे काय?

हा विषय परका नाही. भारताला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी सुमारे निम्मा वायू द्रवरूपात आयात होतो. खतांचे कारखाने, शहरांतील वाहने आणि आता पुष्कळशी स्वयंपाकघरे त्यावर चालतात. गुजरातेत दहेजचे केंद्र २००४ सालापासून चालू आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, एन्रॉनच्या प्रकल्पाचा वारसा म्हणून उरलेले दाभोळचे केंद्र २०१३ साली कार्यान्वित झाले. एन्रॉनच्या विजेच्या दरावर महाराष्ट्राने जेवढा खल केला, त्याच्या शतांशानेही वायूच्या टाक्यांची तपासणी कोण व कशी करतो यावर केला नाही, असे म्हणणे वावगे ठरू नये.

आपल्याकडेही पहारेकरी अनेक आहेत. २००६ च्या कायद्याने स्थापन झालेले पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ तांत्रिक व सुरक्षा-मानके ठरविते. १९८६ साली निर्माण झालेल्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची द्रवीभूत वायूसाठी स्वतंत्र मानके आहेत. नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना परवाने देते. शिवाय राज्याची कारखाना-तपासणी यंत्रणा आहेच. परंतु सुरक्षा संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्या छत्राखाली आहे आणि त्याचे तज्ज्ञ मुख्यतः तेल कंपन्यांतूनच प्रतिनियुक्तीवर येतात. म्हणजे ज्याची तपासणी करायची, त्याच्याच घरी उद्या परत जायचे! व्यक्ती कितीही सचोटीच्या असोत, कलन यांनी दाखविलेला दोष येथे रचनेतच आहे. आणि सुरक्षेची साधने जागेवर असूनही बंद असणे म्हणजे काय, हे भोपाळच्या देशाला सांगायला नको. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीच्या काही महिने आधीपासूनच टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती.

यावर उपाय फार गहन नाहीत. तपासणीच्या भेटींपैकी काही तरी पूर्वसूचनेशिवाय व्हाव्यात आणि त्यांत नोंदवहीबरोबर प्रत्यक्ष झडपांची नमुना-तपासणी सक्तीची असावी. तपासणी करणारी संस्था उद्योगाची वाढ हे ज्याचे ध्येय आहे त्या मंत्रालयापासून वेगळी असावी. तिचा खर्च उद्योगावरील उपकरातून भागावा, पण वेतन आणि बढती उद्योगाच्या हाती नसावी. थोडक्यात टळलेल्या अपघातांची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला अभय मिळावे. कारण झडप बंद आहे हे बहुधा प्रथम त्यालाच कळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तपासणीचे अहवाल ठराविक मुदतीत प्रसिद्ध व्हावेत आणि जवळच्या ग्रामपंचायतीला ते तिच्या भाषेत मिळावेत. व्यापारी गुपिते जरूर राखावीत. पण कुंपणाबाहेरच्या माणसाचा धोका हे काही कंपनीचे गुपित नव्हे.

या सर्वाला खर्च येईल आणि तो अखेर वायूच्या दरात थोडाफार उतरेल. तो आपण देण्यास हरकत नसावी. तो आजही दिला जातोच. फरक एवढाच, की आपल्या चुलीच्या वाट्याचा तो खर्च आज टाकीशेजारी राहणारे कोणी दुसरेच आपल्या जिवाच्या जोखमीने भरत असतात.