दुपारी एकची रांग

ठाणे-बेलापूर रस्ता सोडून आत वळलं की महापेची एमआयडीसी लागते. मे संपत आलाय. आभाळ भरलंय, पण पाऊस नाही. कुर्ता पाठीला चिकटलाय. समोरच्या इमारतीला खिडक्या नाहीत, दारावर पाटी नाही. गेटवरच्या वहीत नाव, वेळ आणि लॅपटॉपचा नंबर लिहायचा. वॉचमनकाका हातातली पाण्याची बाटली काढून घेतात. "ताई, पाणी आत नेता येत नाही." मग एक दार, मधली चिंचोळी जागा, पुढे दुसरं दार. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. अंगठा लावायचा आणि थांबायचं.

साडेबारा झालेत. एक वाजता दहावीचा निकाल आहे.

सर्व्हर हॉलमध्ये रॅक ओळीने उभे आहेत. पुढच्या गल्लीत फरशीच्या जाळीतून गार वारा पायांवर येतो. इथली हवा १८ ते २७ अंशांत ठेवायची असते, आज काटा २२ वर आहे. सरकतं दार ओढून मागच्या गल्लीत गेलं की बाहेरची दुपार पुन्हा अंगावर येते. शेकडो छोटे पंखे एकाच बाजूला गरम हवा फेकतायत. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. हिरवे दिवे लुकलुकतात, बाकी हलताना काहीच दिसत नाही. लाखो मुलं या गल्लीतून जाणार आहेत, आणि इथे उभं राहून त्यातलं एकही दिसणार नाही.

ती दिसतात वरच्या मजल्यावर.

खोलीत सहाजण आहेत. इथली सूत्रं ज्यांच्या हातात, त्यांना सगळे ताई म्हणतात. भिंतीवर चार मोठे पडदे. टेबलावर अर्धा खाल्लेला वडापाव तसाच कागदात. कुणीही खुर्चीला पाठ टेकलेली नाही. अशा खोल्यांत मी कितीतरी दुपारी काढल्यात, तरी एक वाजायच्या आधी पोटात पडणारा खड्डा काही बुजत नाही.

मांडणी साधी आहे. पुढे चार यंत्रं, त्यांवर इंजिन-एक्स हा वेब सर्व्हर. मागे निकाल शोधून देणारं अ‍ॅप्लिकेशन. त्याच्याही मागे डेटाबेस. बाहेरून येणारी प्रत्येक रिक्वेस्ट आधी पुढच्या चौघांपैकी एकाच्या दारात येते. प्रत्येकावर आठ वर्कर, एका कोअरला एक.

पूर्वी हे वेगळं असायचं. १९९५ मध्ये आलेल्या अपाचे सर्व्हरची जुनी पद्धत एका गिऱ्हाइकाला एक माणूस देण्याची. ठरावीक मांडणीत २५६ माणसं. दोनशे सत्तावन्नावा दाराबाहेर. मागून उत्तर येईपर्यंत तो माणूस नुसता उभा असायचा. २००४ मध्ये इंजिन-एक्स लोकांसमोर आला तो उडप्याच्या हॉटेलातल्या वेटरसारखा. एका टेबलाची ऑर्डर आत सांगायची, डोसा होईपर्यंत दुसऱ्या टेबलाकडे वळायचं, आतून हाक आली की ताट उचलायचं. इथे एकेका वर्करला ४,०९६ जोडण्या दिल्यात. एका मुलासाठी दोन लागतात, एक त्याच्या मोबाइलशी आणि एक मागच्या अ‍ॅप्लिकेशनशी. म्हणजे एका यंत्रावर एका क्षणी १६,३८४ मुलं. अपाचेनेही पुढे आपली पद्धत बदलली.

बारा पंचावन्न. आलेख आत्ताच चढायला लागलाय. निकाल लागलेला नाही, हे माहीत असूनही लोक पान उघडून बघतायत.

डावीकडच्या पडद्यावर लॉग धावतोय. शिफ्टवरचा मुलगा तो क्षणभर थांबवतो. मी एक ओळ वाचते. कुठून आली तो पत्ता. तारीख, १२:५८:४१, +०५३०. मग 'गेट', मुख्य पानाचा मार्ग, २०० म्हणजे काम झालं, पाठवलेले बाइट, आणि शेवटी कुठल्यातरी स्वस्त अँड्रॉइड फोनच्या ब्राउझरचं लांबलचक नाव. एवढीच ओळ. ती उमटेपर्यंत बरंच घडून गेलंय. ४४३ नंबरच्या दारावर टकटक झाली. दोघांनी किल्ल्या ठरवल्या, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ नये. हेडर वाचले. कुठल्या साइटचं काम आहे ते पाहिलं, कुठल्या मार्गाचं ते पाहिलं, हा पत्ता फार घाई तर करत नाही ना ते पाहिलं, मग फाइल उचलून दिली. इंजिन-एक्सच्या आत अशा ११ पायऱ्या आहेत. वहीत नोंद ही अकरावी. उत्तर गेल्यावरच लिहितात.

निकालाची रिक्वेस्ट मात्र 'पोस्ट'ने येते. तिच्यात दोन गोष्टी असतात, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. पत्त्याच्या ओळीत त्या टाकल्या असत्या तर या पडद्यावर आत्ता हजारो आयांची नावं धावत असती. पोस्टच्या पोटातलं लॉगमध्ये उतरत नाही. कुणीतरी विचार करून हे केलंय, आणि मला त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल आदर वाटतो.

एक.

आलेख तिरका चढत नाही, भिंतीसारखा उभा राहतो. खोलीत कुणी बोलत नाही. फक्त एसीचा आवाज. दहावीला दरवर्षी १५ लाखांच्या आसपास मुलं बसतात. कुणाचा स्वतःचा फोन, वडिलांचा फोन, मामाचा फोन, शेजारच्या दादाचा लॅपटॉप. सगळे एकाच मिनिटात.

२००. २००. २००. हिरव्या ओळी इतक्या वेगाने पळतायत की त्यांचा नुसता पट्टा दिसतो.

एक वाजून चार मिनिटं. पट्ट्यात पहिली लाल ओळ. ५०४.

"ताई, अपस्ट्रीम टाइमआउट."

"किती?"

"वाढतायत."

५०४ म्हणजे दारावरच्याने मागे निरोप दिला आणि ठरल्या वेळात आतून काहीच आलं नाही. इंजिन-एक्स मुळात ६० सेकंद वाट पाहतो. ताईंनी ती १० वर आणून ठेवलीय. हातातल्या फोनकडे बघत एक मिनिट कोण उभं राहणार? शिवाय थांबलेली प्रत्येक रिक्वेस्ट दोन जोडण्या अडवून बसते.

आता ५०२ पण दिसायला लागलेत. एररच्या वहीत १११ हा आकडा, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. मागच्या अ‍ॅप्लिकेशनच्या यंत्रांपैकी एक दारच उघडत नाहीये. इंजिन-एक्स अशा यंत्राला १० सेकंद बाजूला ठेवतो, मग पुन्हा विचारून बघतो. पुन्हा नकार. पुन्हा १० सेकंद.

"काढ त्याला पूलमधून," ताई म्हणतात. "उरलेल्यांवर येऊ दे."

आणि मग ४९९.

या आकड्यापाशी मी नेहमी थबकते. ४०४, ५०० हे सगळे जगाने ठरवलेले आकडे आहेत. ४९९ अधिकृत यादीत नाही. तो इंजिन-एक्सने स्वतःच्या वहीपुरता ठेवलाय, आणि तो कुणालाही पाठवला जात नाही, कारण पाठवायला समोर कुणी उरलेलं नसतं. विचारणारा उत्तर यायच्या आधी निघून गेला, एवढाच त्याचा अर्थ. गेला म्हणजे त्याने पान खाली ओढून रिफ्रेश केलं. तोच मुलगा पुन्हा रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिला. पहिल्या वेळचं काम डेटाबेस अजून करतोच आहे, त्याला कुणी सांगितलेलं नाही की माणूस गेला. एका मुलाची तीन कामं होतात, मग पाच. गर्दी १५ लाखांची राहत नाही. पडद्यावर ४९९ च्या ओळी पावसासारख्या पडतायत, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीच्या पलीकडे कुणीतरी घामेजल्या बोटाने काच खाली ओढतंय.

"पाटी लावूया?" मुलगा विचारतो.

"लाव. तिघांतल्या एकाला."

पाटी म्हणजे ५०३. आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या. पुढच्या यंत्राच्या डिस्कवर ठेवलेली एक छोटी फाइल. मागचं सगळं कोसळलं तरी ती देता येते. तिच्यातला मजकूर मी वाचते. 'निकाल लागला आहे आणि तो सुरक्षित आहे. आत्ता गर्दी आहे. हे पान बंद करू नका, ते थोड्याच वेळात आपोआप पुन्हा प्रयत्न करेल.' आणि खरोखरच करतं. कुणाच्या फोनवर ९० सेकंदांनी, कुणाच्या १५० नी, मध्ये कुठेही. सगळ्यांना नेमकी दोन मिनिटं दिली असती तर दोन मिनिटांनी तीच भिंत पुन्हा उभी राहिली असती.

हा मजकूर ताईंनी लिहिलाय. आधी तिथे इंग्रजीत 'सर्व्हर ओव्हरलोड' होतं. निकालाच्या दिवशी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने ते वाचून काय समजायचं?

मी एका ठिकाणी कामाला होते, तिथे उलटा प्रकार होता. आत काही बिघडलं तरी वर २०० लिहायचं आणि पानात बारीक अक्षरांत 'काहीतरी चूक झाली'. पडद्यावर दिवसभर हिरवंगार. आम्हाला संध्याकाळी लोकांच्या फोनवरून कळलं की सकाळपासून कुणाचंच काम झालेलं नाही. तेव्हापासून खोट्या २०० ची मला चीड आहे. नाही म्हणायचं तर आकड्यानेही नाही म्हणावं.

त्याहून वाईट एकच गोष्ट, आणि ती इथल्या कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. इंजिन-एक्सच्याही आधी खुद्द लिनक्सची एक रांग असते, दाराबाहेरच्या पायरीवरची. इंजिन-एक्स तिच्यात ५११ जागा मागतो. लिनक्स मात्र कित्येक वर्षं मुळात १२८ च देत असे. २०१९ मध्ये ती मर्यादा ४,०९६ झाली. ती पायरी भरली की पुढच्याला ना होकार, ना नकार. त्याच्या फोनवर गोल चक्र फिरत राहतं. लॉगमध्ये त्याची ओळ नाही. म्हणून ताई दर दोन मिनिटांनी एक वेगळी कमांड मारून ती पायरी हाताने बघतायत.

"रिकामी आहे," त्या स्वतःशीच म्हणतात.

सव्वा एक. ४९९ विरळ झालेत. पाटी दिसली की लोक रिफ्रेश करायचं थांबवतात. मागे उरलेली यंत्रं हातातलं उरकतायत. ५०४ थांबलेत.

तेवढ्यात मदतीच्या नंबरवर फोन. स्पीकरवर टाकतात. मागे पोरांचा गलका, एसटीचा हॉर्न.

"मॅडम, स्टँडसमोरनं बोलतोय, झेरॉक्स सेंटर. पोरं पार रस्त्यापर्यंत उभी हायती. पहिल्या सात-आठ जणांचं निघालं. आता कुणाचंच निघंना. फार वेळा प्रयत्न केला म्हणतंय."

"तुमच्याकडे कॉम्प्युटर किती, दादा?"

"चार. एकच लाइन."

ताई मान हलवतात. ४२९. तो आकडा त्याला नाही, त्याच्या पत्त्याला मिळालाय. चार कॉम्प्युटर, साठ पोरं, पण इथून पाहताना सगळी एकाच पत्त्यावरून बोलतायत. आपल्याला वाटतं एकच माणूस अधाशासारखा विचारतोय. मोबाइल कंपन्यांचंही तेच, एका पत्त्यामागे हजारो फोन असू शकतात. दांडगाई करणाऱ्या यंत्रांना रोखायला लावलेली मर्यादा नेमकी ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांच्या रांगेवर येऊन बसलीय.

"पाच मिनिटं द्या, दादा. पोरांना थांबवा, जाऊ देऊ नका."

मुलगा फाइल उघडतो. पत्त्यावरची मर्यादा सैल, बैठक क्रमांकावरची कडक. एकाच क्रमांकाला पुन्हा पुन्हा विचारणाऱ्याला थांबवायचं, एकाच लाइनीवर साठ वेगळे क्रमांक आणणाऱ्याला नाही. आधी तपासणी, मांडणीत चूक नाही असं उत्तर. मग रीलोड.

रीलोडमध्ये काही बंद पडत नाही. नवे नियम घेतलेले नवे वर्कर उभे राहतात आणि नव्या लोकांना घेऊ लागतात. जुने वर्कर नवं कुणी घेत नाहीत. हातात जेवढी कामं आहेत तेवढी पुरी करतात आणि निघतात. पडद्यावर काही क्षण दोन्ही दिसतात, आठ नवे आणि आठ जुने. जुन्यांच्या नावापुढे 'शटिंग डाउन' असं लागलेलं. आठ. पाच. दोन.

फोन पुन्हा वाजतो. यावेळी त्याला काही सांगायचं नाही. तो नुसता स्पीकर पोरांकडे धरतो. कुणीतरी ओरडतंय, "ऐंशी! ऐंशी!"

दोन वाजून गेलेत. पाटी काढलीय. कुणीतरी चहा आणायला उठलंय, वडापाव पुन्हा हातात घेतलाय. आलेख उतरणीला लागलाय.

पहिल्या यंत्रावर एक जुना वर्कर अजून आहे.

"अजून कोण धरून बसलंय याला?"

मुलगा बघतो. एकच जोडणी. कुठल्यातरी शाळेच्या एकत्रित निकालाची पीडीएफ. समोरची लाइन फार हळू आहे. थोडे बाइट जातात, थांबतात, पुन्हा थोडे जातात.

"मारू का? नव्या वर्करवर पुन्हा काढतील ते."

ताई कप खाली ठेवतात. "राहू दे. जाऊ दे त्यांचं पुरं."

आम्ही चौघं ती एक ओळ बघत उभे आहोत. थोडे बाइट. थांबा. थोडे बाइट. चहा निवतोय. दोन वाजून सतरा मिनिटांनी ओळ नाहीशी होते, आणि डावीकडच्या पडद्यावर एक नवी उमटते. २००.