उलटी वाहणारी नदी आणि विजेचा बाजार

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह इथे टोनले साप नदी मेकाँगला मिळते. वर्षातला निम्म्याहून अधिक काळ ती त्याच नावाच्या सरोवराचं पाणी निमूटपणे मेकाँगमध्ये आणून ओतते. जूनच्या सुमारास मेकाँगला पूर चढतो, पाणी या उपनदीत शिरतं आणि नदी चक्क उलटी वाहू लागते. सुमारे 120 किलोमीटर मागे जाऊन हे पाणी टोनले साप सरोवर भरतं. उन्हाळ्यात जेमतेम 2,500 चौरस किलोमीटरवर पसरलेलं, कमरेइतक्या पाण्याचं हे सरोवर पावसाळा सरता सरता 10,000 चौरस किलोमीटरच्या पलीकडे जातं. पूर ओसरला की प्रवाह पुन्हा फिरतो. त्याच सुमारास नॉम पेन्हला बोन ओम तूक हा जलोत्सव भरतो आणि होड्यांच्या शर्यती लागतात.

काठची झाडं महिनोन्‌महिने पाण्यात उभी असतात. त्यांच्या मुळांशी, फांद्यांशी मासळीची पिल्लं वाढतात, आणि पाणी उतरताना हीच मासळी थव्यांनी नदीकडे निघते. अंगकोरमधल्या बायोन मंदिराच्या भिंतींवर सरोवरातली लढाई कोरलेली आहे; तिथेही होड्यांखाली मासेच मासे. आपल्याकडे कोकणात सुकी मासळी असते, तशी कंबोडियात वर्षाची बेगमी म्हणजे प्राहोक, खारवून आंबवलेली मासळी. गरिबाच्या ताटातली प्रथिनं मुख्यतः या पुरातून येतात.

आता या पुराला गिऱ्हाईक मिळालं आहे. 1992 मध्ये आशियाई विकास बँकेच्या पुढाकाराने मेकाँगकाठचे देश रस्ते, पूल, वीजवाहिन्या यांनी जोडायला सुरुवात झाली. त्यात गैर काहीच नव्हतं. लाओसला समुद्रकिनारा नाही, कारखानदारी थोडी. डोंगर आणि पाणी मात्र मुबलक. शेजारच्या थायलंडला वीज हवी. 2019 मध्ये मेकाँगच्या मुख्य प्रवाहावर 1,285 मेगावॅटचं सायाबुरी धरण पूर्ण क्षमतेने सुरू झालं. त्याची जवळजवळ सगळी वीज थायलंड घेतो.

या सौद्यात विकणारा आणि घेणारा दोघेही खूश आहेत. मासे गमावणारा कंबोडिया आणि धरणांत अडकणारा गाळ गमावणारा, व्हिएतनाममधला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश यांची सही मात्र त्यावर नाही.

साठवण करणारी धरणं पावसाळ्यात पाणी अडवतात आणि कोरड्या दिवसांत सोडतात. चीनमधल्या वरच्या मोठ्या जलाशयांचंही तेच. शेतीला हे सोयीचं वाटेल, पण सरोवर जगतं ते चढउतारावर. पूर खुजा झाला की जंगल भिजत नाही, उन्हाळ्यातली पातळी वाढली की कडेची झाडं कायमची बुडून मरतात. 2019 आणि 2020 मध्ये दुष्काळाची भर पडली आणि प्रवाह फार उशिरा उलटला.

1995 च्या करारातून जन्मलेल्या मेकाँग नदी आयोगात लाओस, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम आहेत. चीन आणि म्यानमार नुसते संवाद-भागीदार. मुख्य प्रवाहावर धरण बांधण्याआधी शेजाऱ्यांशी सल्लामसलत बंधनकारक आहे, पण नकाराधिकार कुणालाच नाही. तरी ही व्यवस्था अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. शेजाऱ्यांच्या हरकतींनंतरच सायाबुरीच्या आराखड्यात मासळीसाठी वाट आणि गाळ सोडण्याच्या दारांची सुधारणा झाली. वाट किती जातींना चढता येते, हा प्रश्न उरतोच.

कंबोडियाने 2020 मध्ये आपल्या हद्दीत मुख्य प्रवाहावर दहा वर्षं धरण न बांधण्याचं ठरवलं. वरच्या अंगाला लाओसमध्ये लुआंग प्राबांगचं धरण मात्र उभं राहतं आहे, आणि त्या प्रकल्पात सुरुवातीपासून भागीदार आहे एक व्हिएतनामी सरकारी कंपनी.