स्ट्रॉबेरी आणि रात्रीची गोगलगाय

लालबुंद झालेली स्ट्रॉबेरी 'उद्या तोडू' म्हणून कुंडीत ठेवावी, तर सकाळी तिच्या बुडाशी गुळगुळीत कडांचा खोल खड्डा पडलेला असतो. आळ बहुधा बुलबुलावर येतो. पण बुलबुल दिवसाढवळ्या येतो आणि वरून चोच मारतो. खड्डा मातीला टेकलेल्या बाजूला असेल आणि जवळपास वाळलेल्या चिकट द्रवाची चकाकती रेघ असेल, तर चोर वेगळा आहे: शंख नसलेली गोगलगाय.

खात्री करायची असेल तर रात्री जेवणं उरकल्यावर टॉर्च घेऊन कुंडीपाशी जावं. पानं उचलली की फळाला चिकटलेला मऊ, ओलसर गोळा दिसतो. गोगलगायीच्या जिभेवर हजारो सूक्ष्म दात असतात आणि त्यांनी ती कानशीने घासावा तसा गर खरवडून खाते. महाराष्ट्रातल्या बागांत दिसणारी काळपट, चपटी जात मूळची आफ्रिकेतली, लेविकॉलिस अल्टे नावाची.

तिला हवा असतो ओलावा. महाबळेश्वर-पाचगणीकडे पाऊस ओसरताना स्ट्रॉबेरी लावतात ती उंच गादीवाफ्यावर, मल्चिंग पेपर अंथरून, ठिबकच्या पाण्यावर. फळ मातीला टेकत नाही, वरचा भाग कोरडा राहतो. घरच्या कुंडीत नेमकं उलट घडतं. संध्याकाळी पाणी, खाली तुंबलेली ताटली, बुडाशी कुजणारी जुनी पानं. गोगलगायीला दिवसभर लपायला याहून चांगली जागा नाही.

मग सुरू होतात घरगुती उपाय. अंड्याची टरफलं चुरून रोपाभोवती पसरणं त्यातलं सगळ्यांत लाडकं. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये अशा अडथळ्यांची परीक्षा घेतली. लेट्यूसच्या रोपांभोवती अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी, खरखरीत खडी, पाइनच्या सालींचा थर, लोकरीच्या गोळ्या असं सगळं करून पाहिलं. काहीही न केलेल्या रोपांइतकीच तीही खाल्ली गेली. मिठाचा उपाय तर टाळलेलाच बरा. मिठाने गोगलगाय मरते हे खरं, पण खारवट माती सहन न होणाऱ्या पिकांत स्ट्रॉबेरीचा नंबर वरचा आहे.

कुंपण घालण्यापेक्षा तिची सोय मोडणं जास्त उपयोगी. पाणी सकाळी द्यावं, म्हणजे रात्रीपर्यंत वरची माती सुकते. पिवळी पानं काढून टाकावीत, कुंड्या स्टँडवर किंवा टांगून ठेवाव्यात. फळ धरू लागलं की खाली भाताचा कोरडा पेंढा अंथरावा. तो आधीपासून घालून ओला होऊ दिला, तर गोगलगायींना आयतं घर मिळतं.

उरलेल्यांसाठी गोणपाट. मराठवाड्यात सोयाबीनवर शंखी गोगलगायींची धाड आली तेव्हा शेतकऱ्यांना जो सल्ला दिला गेला, तोच कुंड्यांजवळही चालतो: गुळाच्या पाण्यात भिजवलेला गोणपाटाचा तुकडा संध्याकाळी जमिनीवर टाकायचा आणि उजाडताच उलटायचा. खाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. मातीत मोत्यांसारख्या अर्धपारदर्शक अंड्यांचे पुंजके दिसले तर तेही काढावेत, नाहीतर पुढची पिढी तिथेच तयार होते.

मेटाल्डिहाइड या विषाच्या गोळ्यांनी काम झटपट होतं, पण घरात कुत्रं किंवा लहान मूल असेल तर या गोळ्यांचा विचारही करू नये. ब्रिटनमध्ये 2022 पासून त्यांच्या बागेतल्या वापरावर बंदी आहे. तिथे आता लोह फॉस्फेटच्या गोळ्या वापरतात, शिवाय गोगलगायींना रोगी करणारे सूक्ष्म कृमी पाण्यातून मातीत सोडतात.

गोगलगाय उघड्या हाताने मात्र कधीच उचलू नये. उंदरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका कृमीची पिल्लं तिच्या अंगात असू शकतात आणि ती माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून कुरतडलेलं फळ तेवढाच भाग कापून खाण्याचा मोह टाळावा, ते सरळ फेकून द्यावं. चांगली फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. आणि पूर्ण लाल झालेलं फळ संध्याकाळीच तोडावं.